एक डाव, तीन फाटे

बुद्धिबळाच्या प्रशिक्षणवर्गासाठी डाव निवडायचा, त्यावर जाणकारांनी लिहिलेली भाष्ये गोळा करायची आणि एकाच पीजीएन फाइलमध्ये (डावाच्या चाली नोंदवायची संगणकीय फाइल) शेजारीशेजारी लावायची, हे माझे काम. एरवी ओपनिंगवर, म्हणजे डावाच्या सुरुवातीवर, सगळे साधारण सारखेच बोलतात आणि एंडगेममध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्यात, इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) निकाल देऊन मोकळे होते. वाइक आन झे इथला ग्रँडमास्टर गॅरी कास्पारोव्ह विरुद्ध ग्रँडमास्टर व्हेसेलिन टोपालोव्ह हा २० जानेवारी १९९९ चा डाव लावला त्या दिवशी मात्र भाष्ये तीन ठिकाणी फुटली, आणि तिन्ही ठिकाणी फुटण्याचे कारण वेगळे निघाले.

नेदरलँड्समधली ही स्पर्धा तेव्हा होगोव्हेन्स नावाने भरत असे. आजची टाटा स्टील ती हीच. त्या वर्षी कास्पारोव्ह १३ पैकी १० गुणांनी पहिला आला, विश्वनाथन आनंद ९.५ गुणांसह दुसरा.

फाइल लावताना आधी सगळ्या भाष्यांतली उद्गारचिन्हे (चांगल्या चालीची खूण) आणि प्रश्नचिन्हे (चुकीच्या चालीची खूण) काढून टाकावीत. चिन्ह दिसले की डोळा तिथेच थांबतो, पुढच्या चाली वाचल्याच जात नाहीत. मग प्रत्येक व्हेरिएशनपुढे, म्हणजे पर्यायी चालींच्या मालिकेपुढे, ते कोणी लिहिले याची नोंद करावी. इंजिन शेवटी सुरू करावे, आणि तेही निदान तीन ओळी, म्हणजे चालींच्या तीन मालिका, दाखवणारे. एकच ओळ दाखवली तर दुसरी चाल किती जवळची होती हे कळत नाही.

पहिला फाटा चोविसाव्या चालीवर. काळ्याने (टोपालोव्हने) वजीर डी६ वर (पटाच्या घरांची नावे ए ते एच आणि १ ते ८ अशी) आणून वजिरांची अदलाबदल मागितली आहे. मोहरी सारखी, प्यादी सात-सात. पांढऱ्याचा घोडा ए५ वर, उंट एच३ वर, काळ्याचा राजा ए७ वर. इथे कास्पारोव्हने डी१ वरचा हत्ती डी४ च्या प्याद्यावर घातला. या चालीला बहुतेक भाष्यांत दोन उद्गारचिन्हे आहेत. टोपालोव्हने सी५ च्या प्याद्याने हत्ती मारला, दुसरा हत्ती ई७ वर शह देत आला, आणि तोही मारायचा नाही. मारला तर वजीर डी४ वर शह, राजा बी८, वजीर बी६ वर शह, उंट बी७ वर मध्ये येतो, घोडा सी६ वर शह. आता बी७ चा उंट जखडलेला आहे (हलला तर राजावर शह उघडतो) आणि सी८ हे घर एच३ च्या उंटाच्या माऱ्यात. राजा ए८ ला गेला की वजीर ए७ वर मात.

पण काळ्याने हत्ती न मारता २४व्या चालीलाच राजा बी६ वर नेला असता तर? घोड्यावर हल्ला होतो, तो बी३ ला मागे जातो, ए८ चा उंट डी५ चे प्यादे मारतो, वजीर बदलले जातात आणि डाव बरोबरीत येतो. हे कास्पारोव्हने स्वतःच्या भाष्यात मांडले आहे, आणि स्टॉकफिश हे इंजिनही बरोबरीच्याच आसपास, म्हणजे शून्याजवळ, राहते. दोन उद्गारचिन्हे आणि शून्याचा आकडा एकाच चालीपुढे कसे, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. माझ्या मते दोन्ही योग्य आहेत, कारण दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. पटावर बसलेल्या माणसापुढे किती अवघड कोडे टाकले, हे चिन्ह सांगते. दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर काय, हे आकडा सांगतो. भाष्यकार कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतोय हे ठरवल्याशिवाय तुलना करण्यात अर्थ नाही.

दुसरा फाटा मला सर्वांत मोलाचा वाटतो. राजा ओढला जाऊन ए४ वर आला आहे. २८वी चाल: कास्पारोव्हने वजीर सी३ वर आणला, धमकी बी३ वर मात देण्याची. काळ्याच्या वजिराने डी५ चे प्यादे मारले आणि बी३ सांभाळले. ग्रँडमास्टर ल्युबोमिर कावालेक यांनी दाखवून दिले की त्याऐवजी आधी हत्ती ए७ वर नेणे जास्त जोरदार होते. का, ते पटावर करून पाहा. हत्ती ए६ च्या प्याद्यावर टपलेला आहे, म्हणून काळ्याच्या वजिराला पटाची सहावी आडवी रांग सोडता येत नाही. त्याने डी५ चे प्यादे मारले तर हत्तीने ए६ वर लगेच मात. उंट बी७ वर घातला तर हत्ती तो मारतो, आणि मग वजिराने डी५ चे प्यादे घेतल्यावर हत्ती बी६ वर येतो. पांढऱ्याचा वजीर डी४ वर फुकट उभा दिसतो, पण तो मारला की पुन्हा ए६ वर मात. काळ्याला ए-प्यादे पुढे ढकलावे लागते आणि बचाव तरीही पुरत नाही. सुधारणा बाहेरून आली, आणि कास्पारोव्हने आपल्या भाष्यात ती कावालेक यांच्या नावानिशी नोंदवली. अशी नोंद असलेले भाष्य मी फाइलमध्ये वर ठेवतो.

तिसरा फाटा तिसाव्या चालीवर. टोपालोव्हने वजीर सी४ वर नेला. एच८ चा हत्ती ई८ वर आणणे जास्त चिवट होते. त्यावर हत्ती बी६, काळ्याचा हत्ती ए८, आणि मग ३२व्या चालीला एच३ चा उंट शांतपणे एफ१ वर. शह नाही, मारामारी नाही. प्रत्यक्ष डावातही ३६व्या चालीला हाच उंट याच घरावर आला. तिथे वजिराने तो मारला तर वजीर सी२ वर शह, राजा ई१, हत्ती ई७ वर शह, आणि वजीर मध्ये आला की ई२ वर मात. इथे भाष्यांत मतभेद नाही, फरक खोलीचा आहे: काहींनी तिसावी चाल नुसती चुकीची ठरवून सोडली, काहींनी पर्याय शेवटपर्यंत खेळून दाखवला.

वर्गाला फाइल देताना २४, २८ आणि ३० या चालींपुढची चिन्हे मी परत घातली नाहीत. तिथे विद्यार्थ्याने इंजिन बंद ठेवून आपली ओळ लिहायची, निदान चार चालींची, आणि मगच भाष्ये उघडायची.