तुम्ही विचारलंत म्हणून: फाटक्या खेळण्यांची पिशवी

"अहो, हे अजून ठेवलंयत कशाला?" गॅलरीच्या दारामागे लटकणारी फाटक्या खेळण्यांची पिशवी दिसली की घरी आलेलं माणूस हे विचारतंच. पुण्यातल्या तळजाई टेकडीवर कुत्री फिरवणाऱ्या मंडळींचाही हाच प्रश्न, फक्त थोडा आशेने: "फाटलेल्या खेळण्यांचं तुम्ही काय करता?"

ठेवलंय ते बुंदीसाठी. बुंदी म्हणजे आमची देशी कुत्री. तिला खेळण्याच्या रूपाशी देणंघेणं नाही. वास ओळखीचा हवा आणि काहीतरी फाडायला मिळायला हवं. म्हणून जुन्या खेळण्यांच्या शोभेच्या माळा आणि फ्रेमा करणाऱ्यांचं मला कौतुक नाही. कुत्र्याच्या लाळेने माखलेलं ते भिंतीवर कशाला?

पहिली कात्री. आतली प्लॅस्टिकची शिट्टी, डोळे, बटणं काढून टाकायची. दोरीचं खेळणं उसवायला लागलं की थेट बाद, इथे माझा हट्ट आहे. गिळलेल्या लांब दोऱ्याचं एक टोक जिभेखाली नाहीतर पोटात अडकतं. आतडं उरलेला दोरा पुढे ढकलू बघतं आणि नाडीवर परकर चुणतो तसं त्या दोऱ्यावर गोळा होतं. ताणलेला दोरा आतडं कापूसुद्धा शकतो. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, तडक डॉक्टरांकडे न्यायचं.

उरलेली कापडी खोळ ही खरी कमाई. जुन्या टॉवेलच्या पट्टीत तिच्या रोजच्या खाण्यातले दाणे गुंडाळायचे, ती वळकटी खोळीत कोंबायची आणि तोंड उघडंच ठेवायचं. पावसाळ्यात संध्याकाळचं फिरणं बुडालं की हाच खेळ. नाक खुपसून, पंजाने दाबून ती एकेक दाणा शोधते आणि मग पसरून झोपते. मात्र मी समोर बसलेली असते. कापडाचे तुकडे गिळणाऱ्या कुत्र्याला हा खेळ देऊच नका.

टेनिसचे चेंडू: वरच्या लवेत माती अडकते आणि चावून चावून दात झिजतात, म्हणून ते चघळायला नाहीत. इडलीपात्राची जुनी ताटली घ्या, खळग्यांत दाणे टाका, वर अख्खे चेंडू ठेवा. चेंडू ढकलला की खाऊ. फाटलेले चेंडू चीर देऊन खुर्च्यांच्या पायांना घालते. खालच्या मजल्यावरच्या काकू खूश आहेत.

रबराचे टवके निघायला लागले की ते खेळणं गेलंच.

आतला कापूस कुंडीत घाला असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तो बहुतेकदा पॉलिएस्टरचा असतो, म्हणजे प्लॅस्टिकच, कुजत नाही. धुऊन, वाळवून घरातल्या उशीत भरा. रस्त्यावरच्या कुत्र्यांना त्याची गादी करून देण्याची कल्पना प्रेमळ खरी, पण पुण्याच्या पावसात ती भिजली की भिजलेलीच राहते. त्यापेक्षा आंब्याच्या पेटीतला पेंढा उन्हाळ्यात जपून ठेवा आणि आडोशाला कोरड्या जागी पसरा.

प्राण्यांच्या निवाऱ्याला खेळणी द्यायची असतील तर आधी विचारा, धुऊन द्या. घरात पिल्लाला पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबाचा तो जीवघेणा संसर्ग, झाला असेल तर काहीच देऊ नका. तो विषाणू वस्तूंवर महिनोन्‌महिने टिकतो, साध्या साबणाला दाद देत नाही.

एवढं करूनही चिंध्या उरतातच. कापड, रबर, प्लॅस्टिक सोडवून, धुऊन, कोरडं करून सुक्या कचऱ्यात देते. आमच्याकडे 'स्वच्छ'च्या ताई येतात. ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था, आणि वर्गीकरण त्या हाताने करतात. लाळेने चिकट झालेला गोळा त्यांच्या हातात द्यायला मला तरी लाज वाटते.

हल्ली नवं खेळणं घेताना मी आधी शिवण ओढून बघते. दुकानदार वैतागतात, वैतागू देत.