साडेअकरा लिटरचा डबा आणि जॉन म्यूर ट्रेलचे वीस दिवस

जॉन म्यूर ट्रेलवर रोज किती चालायचं, कुठे मुक्काम करायचा, मध्ये शहरात उतरायचं की नाही, हे सगळं शेवटी अस्वलांपासून खाणं वाचवणाऱ्या साडेअकरा लिटरच्या एका प्लॅस्टिकच्या डब्याने ठरवलं. नकाशा, बूट, तंबू यांवर भरपूर लिहिलेलं सापडतं. डब्याचा हिशेब मात्र ज्याचा त्यालाच मांडावा लागतो, आणि आपलं खाणं पोहे-खिचडीचं असेल तर पहिल्यापासून.

वाट अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरांत आहे. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या हॅपी आइल्सपाशी (१,२३० मीटर) सुरू होते आणि ३४० किलोमीटरनंतर माउंट व्हिटनीच्या माथ्यावर (४,४२१ मीटर) संपते. माथ्यावरून गाडीरस्त्याला, म्हणजे व्हिटनी पोर्टलला यायला आणखी साडेसतरा किलोमीटर उतरायचं असतं. ते धरूनच दिवस मोजा. आम्ही दोघांनी वीस धरले. उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचं कारण साधं: उंची हळूहळू वाढते, चार हजार मीटरच्या वरचे दिवस अगदी शेवटी येतात, तोवर अंगाला सवय झालेली असते आणि खांद्यावरचं वजनही उतरत जातं.

परवाना हा पहिला अडसर. योसेमिटीच्या परवान्यांपैकी ६० टक्के जागा निघायच्या तारखेच्या २४ आठवडे आधी सोडतीने जातात, उरलेल्या सात दिवस आधी सकाळी सात वाजता खुल्या होतात. अर्जात सुरुवातीची जागा निवडताना ‘डोनाह्यू पास’चा (ही योसेमिटीच्या सीमेवरची खिंड) उल्लेख असलेलाच पर्याय घ्यायचा. तो नसेल तर परवाना मिळूनही खिंडीपलीकडे जाता येत नाही. अर्जात एकच तारीख धरून बसू नका. मंगळवार-बुधवारच्या तारखा घातल्या आणि माणसं दोनच असली, तर चार जणांच्या गटापेक्षा नंबर लागायची शक्यता बरी. कागद प्रत्यक्ष जाऊन घ्यावा लागतो आणि तो वाटभर जवळ ठेवायचा. मोबाइलमधला फोटो चालत नाही.

महिना आम्ही ऑगस्टचा मध्य निवडला. जुलैत डास फार. २०२३ सारखं बर्फाचं वर्ष असेल तर खिंडींच्या उत्तर अंगाला तेव्हाही बर्फ असतो आणि ओढे दुपारनंतर फुगतात. ऑगस्टमध्ये वणव्यांच्या धुराचा धोका असतो. तो पत्करला.

आता डबा. सिएरातली काळी अस्वलं माणसाच्या खाण्याला चटावलेली आहेत. दोरीने झाडाला टांगलेली पिशवी त्यांना अडवत नाही, आणि योसेमिटीत तसं टांगायला परवानगीही नाही. अस्वलाला न उघडणारा कडक डबा सक्तीचा आहे. आमचा बेअरव्हॉल्ट ५००, वजन १.१६ किलो, प्रत्येकी एक. रात्री त्यात फक्त जेवण नाही, वास येणारं सगळं गेलं पाहिजे: टूथपेस्ट, सनस्क्रीन, ओठांचं मलम, कचऱ्याची पिशवी. नवखा माणूस इथेच चुकतो. घरी खाणं मोजून गच्च भरतो आणि पहिल्या रात्री टूथपेस्ट हातात धरून उभा राहतो. डबा तंबूपासून तीस मीटर लांब, सपाट जमिनीवर, पाण्यापासून आणि उतारापासून दूर ठेवायचा. अस्वल तो फोडत नाही, पण ढकलत नेतं. झाकणाला दोन उंचवटे असतात, ते दाबून झाकण फिरवावं लागतं. पहाटे शून्याच्या आसपास प्लॅस्टिक आखडतं, बोटंही, आणि झाकण जागचं हलत नाही. त्यावर उपाय म्हणजे एखादं जुनं बँकेचं कार्ड. ते उंचवटा आणि खाच यांच्यामध्ये सरकवायचं आणि तसंच धरून झाकण फिरवायचं. हे घरी पंचवीस वेळा करून पाहा, हातमोजे घालूनसुद्धा.

डब्यात मावण्याचा प्रश्न वजनाइतकाच घनतेचा आहे. चुरमुरे म्हणजे हवा, ते बाद. जाड पोहेही जागा खातात, म्हणून पातळ पोहे भाजून हाताने चुरडून घेतले. मेतकूट, भाजणी, सातूचं पीठ, शेंगदाण्याचे लाडू, खजूर हे मात्र कोपऱ्याकोपऱ्यांत दाबून बसतं. माणशी रोज ६२० ग्रॅम, त्यात २,८०० च्या आसपास कॅलरी. हा आकडा गाठून देतं ते तूप: ग्रॅमला नऊ कॅलरी. घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत ते वेगळं न्यायचं आणि रोज रात्री पानात दोन मोठे चमचे.

तूप वेगळं का, तर खिचडी घरी सुकवायची होती. चरबी सुकत नाही, ती राहिली की दोन-तीन आठवड्यांत खवट वास येतो. मुगाच्या डाळीची खिचडी तूप-तेल न घालता, नेहमीपेक्षा मऊ शिजवली, डिहायड्रेटरच्या ताटांवर चार मिलिमीटरचा थर पसरला आणि ५७ अंशांवर नऊ-दहा तास ठेवली. मध्ये एकदा उलटायची. दाणा बोटांत चुरला की झाली. वाकला तर अजून ओल आहे, ती पिशवीत बुरशी धरणार. एका माणसाला १२५ ग्रॅम सुकी खिचडी आणि ३०० मिलिलिटर उकळतं पाणी, वीस मिनिटं झाकून टोपीत गुंडाळून ठेवायची. कच्ची डाळ नेऊन वर शिजवायचा विचार सोडून द्या. ३,३०० मीटरवर पाणी ८९ अंशांना उकळतं. कुकर नाही, तूरडाळ गॅस संपेपर्यंत टणक राहते.

पुढचा हिशेब टप्प्यांचा, म्हणजे वाटेत नवं सामान मिळतं त्या रेड्स मेडो आणि म्यूर ट्रेल रँच या दोन ठिकाणांचा. हॅपी आइल्सहून रेड्स मेडो सहा दिवस, तिथून म्यूर ट्रेल रँच चार दिवस, आणि रँचपासून व्हिटनी पोर्टल सुमारे १८० किलोमीटर, दहा दिवस. या शेवटच्या टप्प्यात वाटेवर दुकान नाही. बरेच जण किअरसार्ज खिंडीतून ओनियन व्हॅलीला उतरून नवं सामान घेतात, पण जाऊन-येऊन चोवीस किलोमीटर आणि एक अख्खा दिवस जातो. आम्ही ते टाळलं. पहिल्या दिवसाचं खाणं रात्रीआधी पोटात जातं, म्हणजे डब्यात नऊ दिवसांचं: माणशी साडेपाच किलोच्या वर. चुरडून, दाबून, पिशव्यांतली हवा काढून ते बसलं. टूथपेस्टला जागा राहिली, साबणाला नाही.

रँचला सामान पाठवायचं ते झाकणाच्या वीस लिटरच्या प्लॅस्टिक बादलीतून. खोका चालत नाही, उंदीर कुरतडतात. टपालाने निदान तीन आठवडे आधी निघालं पाहिजे, पैसे आगाऊ. गॅसचा डबा बादलीत घालायचा नाही, तो तिथेच विकत मिळतो. दोघांचं दिवसाला दोनदा पाणी उकळायला २५ ते ३० ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे २३० ग्रॅमचा डबा आठ दिवस. दहा दिवसांना तो पुरत नाही. आम्ही शेवटचे दोन दिवस सकाळी थंड पाण्यात सातू कालवलं. रँचवर लोकांनी जड झालं म्हणून सोडलेल्या खाण्याच्या बादल्या असतात. ओटमील हवं तेवढं, तिखटमीठाचं जवळजवळ काही नाही.

पाण्याच्या पोकळ तंतूंच्या फिल्टरबद्दल एक सांगतो. एकदा वापरल्यावर त्यात पाणी राहतं. ते गोठलं तर तंतू तडकतात, आणि तडकल्याचं बाहेरून काहीच दिसत नाही. पाणी उलट जरा जास्तच वेगाने येतं. संध्याकाळी झटकून, पिशवीत घालून, फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये पायांशी. त्याच्याच शेजारी फोन आणि बॅटऱ्या.

व्हिडिओचं गणित सोपं निघालं, कष्ट वेगळेच होते. ड्रोन घरीच. राष्ट्रीय उद्यानांत आणि वाइल्डरनेस भागात तो उडवता येत नाही. फोनवर ४के, सेकंदाला ३० फ्रेम, मिनिटाला सुमारे १७० एमबी. रोज दहा मिनिटं म्हणजे वीस दिवसांत ३४ जीबी. जागेची चिंताच नाही. वीस हजार एमएएचची पॉवर बँक कागदावर ७४ वॉट-तास देते, प्रत्यक्षात सत्तर टक्के धरा: फोन विमान मोडवर ठेवला तर साधारण चार चार्ज. दोघांच्या दोन पॉवर बँका, रँचवर परत भरल्या. खरा खर्च वेळेचा. दोघंही चालताना दिसावीत असा शॉट घ्यायचा तर फोन तिकाटण्यावर लावा, पुढे जा, वळून या, चालत जा, परत येऊन फोन उचला. एका शॉटला सहा मिनिटं. दिवसाला दहा घेतले की तास गेला, आणि खिंडीच्या दिवशी तो तास परवडत नाही. म्हणून दिवसाला तीन असा नियम. खिंडीवर वारा आवाज खातो, मायक्रोफोनला केसाळ टोपी असली तरी. बोलायचं ते रात्री तंबूत, नुसतं ध्वनिमुद्रण करून. रेंज जवळजवळ नसतेच, घरच्यांसाठी उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र न्या.

रँचनंतर म्यूर, मॅदर, पिंचो, ग्लेन, फॉरेस्टर अशा पाच खिंडी, ३,६४० ते ४,००९ मीटर. दुपारी ढग जमून विजा पडतात, म्हणून माथा बाराच्या आत ओलांडायचा. त्यासाठी आदल्या रात्रीचा मुक्काम खिंडीच्या अलीकडे चार-पाच किलोमीटरवर, पाण्याजवळ. म्यूर खिंडीवर १९३० साली बांधलेली दगडी झोपडी आहे, ती वादळात अडकलेल्यांसाठी. वुड्स क्रीकचा झुलता पूल एका वेळी एकानेच ओलांडायचा. तिथे दुसऱ्याने शूटिंग करावं, आपोआप चांगला शॉट मिळतो.

शेवटचा मुक्काम गिटार लेकला. रात्री अडीचला निघालो. माथ्याच्या तीन किलोमीटर अलीकडे, वाट पोर्टलकडे फुटते तिथे, सॅक ठेवून वर जातात. मार्मट म्हणून गलेलठ्ठ खारींसारखे प्राणी तिथे टपलेले असतात. खाणं सोडाच, घामाच्या मिठासाठी सॅकचे पट्टे आणि काठ्यांच्या मुठीही कुरतडतात. खाणं डब्यात बंद, काठ्या आमच्याबरोबर. व्हिटनीच्या भागात शौचही पिशवीत भरून खाली आणावं लागतं. त्या पिशव्या सॅकच्या बाहेर बांधायला एक दोरी राखून ठेवा.

पोर्टलला उतरल्यावर दोन्ही डबे उघडले. आत एक मूठ मेतकूट, तुपाची रिकामी बाटली, टूथपेस्टचा चेपलेला तुकडा आणि दोन खजूर.