तुम्ही विचारलंत म्हणून: यंदाच्या उन्हाळ्यात कुठल्या सिनेमाची वाट बघतेयस?

वर्ष सुरू झालं की हा प्रश्न येतोच. भाचा विचारतो, जुने मित्र विचारतात, ज्यांच्याशी वर्षभर बोलणं नसतं तेही विचारतात. विचारणाऱ्याला दहा नावांची यादी हवी असते, जमलं तर तारखांसकट, आणि ती माझ्याकडे तयारच असणार असं सगळे धरून चालतात. पूर्वी असायचीही. वहीच्या मागच्या पानावर नावं, नावांपुढे तारखा, सिनेमा पाहून झाला की काट. आता ती वही कुठे आहे तेही आठवत नाही. २०२६ च्या उन्हाळ्यासाठी माझ्याकडे अडीच सिनेमे आहेत. अडीच कसे, ते येईलच ओघात.

हा उन्हाळा ऋतूतला नव्हे, हॉलिवूडचा. तो मे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सुरू होतो आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या लेबर डेच्या सुट्टीबरोबर संपतो. हा हंगाम माणसांनी घडवलाय, तोही दोन टप्प्यांत. एके काळी उकाड्यात तिथली थिएटरं ओस पडायची. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरवरच्या रिव्होली थिएटरात विलिस कॅरियर या इंजिनिअरने थंड हवेची यंत्रणा बसवली आणि लोक सिनेमाइतकेच गारव्यासाठी आत शिरू लागले. पण मोठे सिनेमे काही लगेच उन्हाळ्यात आले नाहीत. त्यासाठी आणखी पन्नास वर्षं आणि एक शार्क लागला.

‘जॉज’ची गोष्ट मला भारी आवडते, कारण उन्हाळ्याचा हंगाम ज्याने जन्माला घातला तो सिनेमा मुळात उन्हाळ्यासाठी नव्हताच. तो १९७४ च्या नाताळात यायचा होता. पण दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्गने हट्टाने खऱ्या समुद्रात चित्रीकरण केलं, यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडत राहिला आणि ५५ दिवसांत उरकायचं काम १५९ दिवस चाललं. सिनेमा आला २० जून १९७५ ला. एकदम चारशेहून जास्त थिएटरांत, आणि त्याआधी देशभरच्या टीव्हीवर जाहिरातींचा मारा. तोवर मोठे सिनेमे आधी मोजक्या शहरांत लागत आणि मग हळूहळू पसरत. एकदम सगळीकडे लावायचा तो वाईट सिनेमा, म्हणजे तोंडोतोंडी बोंब होण्याआत गल्ला गोळा करता येतो! ‘जॉज’ने हे गणितच उलटं केलं. दोन वर्षांनी, १९७७ च्या मे महिन्यात ‘स्टार वॉर्स’ आला आणि मग कुणी मागे वळून पाहिलं नाही.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की तारखांवर माझा विश्वास नाही. ‘टॉप गन’चा दुसरा भाग आधी जुलै २०१९ मध्ये येणार होता. मग जून २०२०. मग डिसेंबर, मग पुढचं वर्ष. शेवटी मे २०२२ मध्ये तो पाहिला तेव्हा मी त्याचा ट्रेलर इतक्यांदा पाहिला होता की काही प्रसंग पडद्यावर यायच्या आधीच मला आठवत होते. सिनेमा मस्तच होता. पण तो मी पहिल्यांदा पाहत नव्हते, असं काहीसं वाटत राहिलं. तेव्हापासून नियम केलाय: ज्याची खरोखर वाट बघायची त्याचा एकच ट्रेलर, एकदाच. बाकीच्यांचे हवे तेवढे बघावेत. त्यांचं काय जातंय!

तर आधी बाकीचे. ३१ जुलैला नवा स्पायडरमॅन येतोय, ‘ब्रँड न्यू डे’. भाच्याला खरं तर तेवढंच ऐकायचं असतं. मी जाईन त्याच्याबरोबर, आणि बहुतेक हसतखेळत बाहेर येऊ. पण ज्याची वाट बघायची गरजच नाही, तो वेळेवर येणार, सगळीकडे लागणार, आणि त्यानंतर आणखी एक येणार हे ठरलेलंच आहे, त्याच्यासाठी जीव कशाला टांगणीला लावायचा? जूनच्या शेवटी ‘सुपरगर्ल’ आहे. दिग्दर्शक क्रेग गिलेस्पी. ‘आय, टोन्या’ करणारा माणूस अंगात केप घातलेल्या मुलीचं काय करतो याची थोडी उत्सुकता आहे, पण थोडीच. पिवळ्या मिनियन्सचा तिसरा भाग मी भाच्यावर सोपवलाय.

आता तो अर्धा. १९ जूनला ‘टॉय स्टोरी ५’ येतोय. अर्धा अशासाठी की निम्मी मी त्याची वाट बघतेय आणि निम्मी मी रुसून बसलेय. २०१० मध्ये तिसरा भाग संपला तेव्हा ही गोष्ट पूर्ण झाली होती. खेळण्यांचा मालक अँडी कॉलेजला निघालाय, खेळणी एका लहान मुलीच्या हवाली करतोय, आणि लाडक्या बाहुल्याला, वूडीला, देताना त्याचा हात क्षणभर मागे येतो. त्या मागे आलेल्या हाताच्या पुढे सांगण्यासारखं काही नव्हतं. तरी २०१९ मध्ये चौथा आला. तो वाईट नव्हता, त्यामुळे रागही धड धरता आला नाही. पाचव्यात म्हणे खेळण्यांची गाठ टॅबलेटशी पडते. विषय ऐकून मी कपाळाला हात लावला होता, ‘मुलं स्क्रीनला चिकटलीत’ हे प्रवचन आता हे सिनेमे बनवणाऱ्या पिक्सारकडूनही ऐकायचं! पण दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन आहे. पहिल्या भागापासून या मालिकेच्या लेखनात असलेला. ज्याने ‘वॉल-ई’च्या सुरुवातीला बराच वेळ जवळपास एकही संवाद न ठेवता एका कचरा उचलणाऱ्या यंत्राबद्दल आपल्याला काळजी करायला लावली, त्याला टॅबलेटमध्येही काही दिसलं असेल. म्हणून अर्धा.

दुसरा सिनेमा पूर्ण आहे, पण त्याची वाट मी थोडी धास्तीने बघतेय. स्पीलबर्गचा ‘डिस्क्लोजर डे’, १२ जून. विषय परग्रहावरच्यांचा. माणूस आता ७९ वर्षांचा आहे आणि हा विषय त्याने काही आज धरलेला नाही. १९६४ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, त्याने ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये आठ मिलिमीटरच्या फिल्मवर ‘फायरलाइट’ नावाचा सव्वादोन तासांचा सिनेमा केला होता. आकाशातल्या गूढ दिव्यांबद्दलचा. गावातल्याच थिएटरात तो एका रात्री दाखवला. आज त्याचे काही तुकडेच शिल्लक आहेत.

त्यानंतर हा माणूस पुन्हा पुन्हा त्या दिव्यांकडे परत गेलाय, आणि दर वेळी त्याच्या घरात काय चाललंय ते त्या सिनेमात दिसतं. १९७७ च्या ‘क्लोज एन्काउंटर्स’मध्ये एक बाप बायकामुलांना सोडून खुशाल यानात चढतो. पुढे स्पीलबर्गने स्वतःच म्हटलंय की आपल्याला मुलं झाल्यावर तो शेवट आपण तसा केला नसता. १९८२ च्या ‘ई.टी.’मध्ये बाप घर सोडून गेलेला आहे आणि मुलगा एका हरवलेल्या जिवाला त्याच्या घरी पोचवतोय. २००५ च्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये आकाशातून आलेले मारत सुटलेत आणि एक नालायक बाप दोन मुलांना घेऊन धावत सुटलाय. मला पाहायचंय ते हे की आता, आजोबा झाल्यावर, आकाशाकडे बघून त्याला काय दिसतं. यान कसं असेल याच्याशी मला फारसं देणंघेणं नाही. पटकथा डेव्हिड केपची आहे, ‘जुरासिक पार्क’वाल्या केपची, त्यामुळे सिनेमा पळणार नक्की. संगीत जॉन विल्यम्सचं. ‘क्लोज एन्काउंटर्स’मध्ये दोन जगांचं पहिलं बोलणं पाच स्वरांत होतं, ते पाच स्वर त्याचेच. त्यानं नव्वदी ओलांडलीय. धास्ती का, ते आता कळलं असेल. काही जोड्यांचा सिनेमा बघताना मनात उगाच हिशेब सुरू होतो, आणि तो करायचा नसतो.

आणि पहिला, म्हणजे ज्याच्यासाठी मी खरंच दिवस मोजतेय तो, ‘द ओडिसी’, होमरच्या प्राचीन ग्रीक महाकाव्यावरचा. दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन. १७ जुलै. नोलनचा जुलै ही एक वेगळीच भानगड आहे: ‘द डार्क नाइट’ १८ जुलै २००८, ‘इन्सेप्शन’ १६ जुलै २०१०, ‘डंकर्क’ २१ जुलै २०१७, ‘ओपनहायमर’ २१ जुलै २०२३. अमेरिकेत काही निवडक थिएटरांत या सिनेमाची तिकिटं बरोबर एक वर्ष आधी, १७ जुलै २०२५ ला विक्रीला निघाली आणि बघता बघता संपली. तेव्हा चित्रीकरणही पूर्ण झालं नव्हतं! वाट बघण्याची तिकिटं विकणारा हा पहिलाच माणूस असावा.

ती थिएटरं आयमॅक्सच्या, म्हणजे अवाढव्य पडद्यासाठीच्या, सत्तर मिलिमीटर फिल्मची होती. अशी प्रक्षेपणयंत्रं जगात फार थोडी उरलीत. ‘ओपनहायमर’ या रूपात जगभरात अवघ्या तीस ठिकाणी लागला होता. त्याच्या एका प्रिंटची लांबी साधारण १८ किलोमीटर आणि वजन पावणेतीनशे किलोच्या घरात. ‘द ओडिसी’ अख्खाच्या अख्खा आयमॅक्सच्या फिल्म कॅमेऱ्यांवर घेतलाय, आणि असं कुठल्याही कथापटात आधी झालेलं नाही. कारण साधं आहे. तो कॅमेरा शिवणयंत्रासारखा खडखडतो. त्याच्यासमोर कुजबुजीचा प्रसंग करायचा म्हणजे कुजबूज नंतर डब करायची. त्यामुळे आजवर नोलनही स्फोट, विमानं, लाटा या कॅमेऱ्यावर घ्यायचा आणि माणसं बोलायला लागली की बऱ्याचदा दुसरा कॅमेरा काढायचा. या वेळी आयमॅक्स कंपनीने कमी आवाजाचे नवे कॅमेरे केले. म्हणजे आता त्या अवाढव्य चौकटीत कुणीतरी हळू आवाजात बोलू शकणार आहे. लढाईपेक्षा मला त्याचं जास्त कुतूहल आहे.

नोलनने एका मुलाखतीत सांगितलं की वीस लाख फुटांहून जास्त फिल्म वापरली. आकडा वाचला आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसले (असले हिशेब मला आवडतात, घरी हसतात). आयमॅक्सची फिल्म कॅमेऱ्यात आडवी धावते, सेकंदाला जवळजवळ पावणेदोन मीटर. हजार फुटांचं रीळ तीन मिनिटांत संपतं. म्हणजे वीस लाख फूट झाले सहाशे किलोमीटर, दोन हजार रिळं, आणि चित्रण साधारण शंभर तासांचं. दर तीन मिनिटांनी कुणीतरी ‘थांबा, रीळ बदलायचंय’ म्हणणार. नट त्या तीन मिनिटांत जीव ओतत असणार. मॅट डेमन ओडिसियस आहे, टॉम हॉलंड त्याचा मुलगा टेलेमाकस.

हा मुलगा मला महत्त्वाचा वाटतो. होमरच्या काव्याचे चोवीस सर्ग आहेत आणि पहिल्या चारांत नायक जवळपास येतच नाही. मुलगा बापाची चौकशी करत गावोगाव फिरतोय. बापाची दहा वर्षं ट्रॉयच्या युद्धात गेली, दहा परतीच्या वाटेवर. घरी त्याच्या बायकोला, पिनेलोपीला, मागणी घालणारे पुरुष ठाण मांडून बसलेत, खाताहेत, पिताहेत. सासऱ्याचं कफन विणून झालं की निवड करते, असं सांगून ती दिवसा विणते आणि रात्री मशालीच्या उजेडात तेच उसवते. तीन वर्षं. एकडोळ्या राक्षस, सुरेल गाणाऱ्या सायरन, सहा डोक्यांची सिला हे सगळं मधल्या काही सर्गांत, आणि तेही ओडिसियस स्वतः जेवणानंतर सांगतो. खरं किती, पदरचं किती, देव जाणे. ट्रेलरवाल्यांना तेवढंच सापडणार हे उघड आहे. पण काव्याचा जवळजवळ सबंध दुसरा अर्धा भाग इथाकात, म्हणजे ओडिसियसच्या घरच्या बेटावर, घडतो. माणूस घरी पोचलाय, भिकाऱ्याच्या वेषात आहे, आणि त्याला कुणी ओळखत नाही.

आपणहून पहिल्यांदा ओळखतो तो कुत्रा. सतराव्या सर्गात येतो तो, अर्गोस. ओडिसियसने निघण्यापूर्वी पाळलेला, आता म्हातारा, दाराबाहेर शेणाच्या ढिगावर पडलेला, अंगभर गोचिड्या. आवाज ऐकून तो कान पाडतो, शेपूट हलवतो, पण उठून जवळ यायचं त्राण नाही. मालकाला वेष टिकवायचाय, त्यामुळे तो वाकूही शकत नाही. तोंड फिरवून हळूच डोळा पुसतो आणि सोबतच्या माणसाला विचारतो, हा कुत्रा चपळही होता की नुसताच देखणा म्हणून. सोबतचा माणूस आत निघून जातो आणि अर्गोस मरतो. मोजक्या ओळींत संपलेला प्रसंग आहे.

एवढ्या मोठ्या पडद्यावर तो कसा घ्यायचा याचा मी गेले काही महिने विचार करतेय. कॅमेरा कुत्र्याजवळ, की पाठ फिरवलेल्या माणसावर? संगीत असावं की फक्त माश्या? की नोलनने तो गाळलाच असेल? तीन तासांत चोवीस सर्ग बसवायचे तर कात्री कुठेतरी लागणार, आणि कुत्र्याशिवाय गोष्ट अडत नाही. म्हणूनच पहिल्या ट्रेलरनंतर मी पुढचं काही पाहिलेलं नाही. भाच्याला सगळं माहीत आहे, त्याने तीनदा तोंड उघडलंय आणि तीनदा मी त्याला खोलीबाहेर काढलंय.