तुम्ही विचारलंत म्हणून : येरवड्यात राहणं सुरक्षित आहे का?

कुणाच्या तरी मुलीला पुण्यात खराडीला नोकरी लागलेली असते, घर शोधणं चालू असतं, आणि येरवड्यात बजेटमध्ये बसणारा वन बीएचके सापडतो. मग मला फोन येतो. "तुम्ही तिकडेच राहता ना? तो एरिया सेफ आहे का हो?" लग्न होऊन मी इथे आले, मुलं इथेच लहानाची मोठी झाली, तेव्हा या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायला हवं असं मला वाटतं. माझं उत्तर होकारार्थी आहे. पण कोणती गल्ली आणि घरी परतायची वेळ काय, हे ठरल्याशिवाय त्या होकाराला अर्थ नाही.

आधी नावाची भीती बाजूला ठेवू. मध्यवर्ती कारागृह इथे १८७१पासून आहे. आतले कैदी भिंतीच्या आत असतात. त्यांच्यामुळे इथल्या नागपूर चाळीत किंवा लक्ष्मीनगरात कुणाच्या घराची कडी तुटत नाही. शेजारच्या उच्चभ्रू कल्याणीनगरात फ्लॅट घेणाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. मे २०२४मध्ये भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला तो कल्याणीनगरात, आणि गुन्हा नोंदवला गेला येरवडा पोलीस ठाण्यात. ठाण्याच्या नोंदवहीत वस्ती आणि बंगला एकत्रच मोजले जातात. बदनामी मात्र वस्तीच्या वाट्याला येते, आणि याचा मला मनापासून राग येतो.

इथे काहीच घडत नाही असं मी म्हणणार नाही. कोयते घेऊन पोरं येतात, दहशत बसवायला रात्री उभ्या गाड्यांच्या काचा फोडतात, सीट फाडतात. पुण्यात अनेक वस्त्यांनी हे सोसलंय, आमच्याही. त्यात फुटते ती हप्त्यावर घेतलेली रिक्षा, घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलाची दुचाकी. पकडलेल्यांत पुष्कळदा अल्पवयीन मुलं निघतात. पोलिसांच्या भाषेत 'विधिसंघर्षित बालक'. मोठ्यांवर तडीपारी होते, संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का कायदा लागतो. पण आठवीत शाळा सोडलेल्या पोराने दिवसभर कुठे जायचं, याचं उत्तर त्या कायद्यांत नाही. बाहेरून राहायला येणाऱ्या मुलीशी या भांडणांचा सहसा संबंध येत नाही. झळ बसते ती इथल्याच माणसांना.

काही जण आकडे पाठवतात. अमुक शहर सुरक्षित, तमुक धोकादायक. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल मीही बघते, पण तो कसा बनतो हे माहीत असलेलं बरं. त्यात मोजले जातात नोंदवलेले गुन्हे. एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असले तर सगळ्यांत गंभीर तेवढा एकच धरला जातो. शहरांचा दर काढताना २०२२च्या अहवालातही लोकसंख्या २०११च्या जनगणनेचीच होती. तेव्हापासून पुणे किती फुगलं ते आपण रोज बघतो. केरळचा गुन्हेदर कायम वरच्या राज्यांत असतो, त्याचं मोठं कारण तिथे तक्रार लिहून घेतली जाते हे आहे. आपल्याकडे मोबाइल मारला गेला तरी लोक 'गहाळ' म्हणून नोंद करून मोकळे होतात, कारण नवीन सिमसाठी तेवढा कागद पुरतो. ती चोरी आकड्यात येतच नाही. ठाण्याठाण्यांची तुलना तर त्याहून अवघड. २०२४मध्ये खराडी, वाघोली, बाणेर अशी सात नवी ठाणी झाली, जुन्यांच्या हद्दी बदलल्या. हद्द आखडली की ठाण्याचा आकडा उतरतो, रस्ता होता तसाच राहतो.

गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा, असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३मध्ये स्पष्ट केलंय. हद्द आपली नाही म्हणून परत पाठवता येत नाही. झिरो एफआयआर, म्हणजे कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा, आता नव्या फौजदारी कायद्यातच आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत हिसकावून नेण्याला स्वतंत्र कलम नव्हतं, १ जुलै २०२४पासून ते आहे. मंगळसूत्र गेलं तर गप्प बसू नका, नोंदवा.

आता जिथे मी खरंच जपून चालते ते सांगते. गजबजलेल्या वस्तीत नव्हे, लांबलचक कंपाउंडच्या भिंतीकडेच्या निवांत, झाडी असलेल्या रस्त्यांवर. दुकान नाही, खिडकी नाही, गाडी पळवायला सरळ रस्ता. पहाटे फिरायला निघालेल्या बायकांच्या गळ्यातलं असल्या ठिकाणी जातं. दुसरा प्रकार तोतया पोलिसांचा: "आजी, पुढे चोरी झालीय, दागिने काढून रुमालात बांधा." घरी येऊन रुमाल उघडला की आत खडे. खरा पोलीस रस्त्यात दागिने काढायला सांगत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. आणि फोनवरच्या फसवणुकीला तर एरिया कसला! वॉचमन, सीसीटीव्ही, तीन-तीन गेट असलेल्या सोसायटीत बसून माणसं आयुष्याची पुंजी घालवतात. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हेल्पलाइन नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा. पहिल्या काही तासांत फोन केला तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते.

मला सुरक्षित वाटतं ते ओळखीमुळे. या बाबतीत मी भिवंडीचं उदाहरण देते. १९७० आणि १९८४च्या हिंदू-मुस्लिम दंगलींत होरपळलेल्या त्या गावात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं आणि बीटवरचे हवालदार एकमेकांना नावानिशी ओळखू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. आमच्या गल्लीत इतकं संघटित काही नाही. पण रात्री उशिरापर्यंत टपरी उघडी असते, बायका दारात बसलेल्या असतात, आणि अनोळखी माणूस दोनदा फेऱ्या मारायला लागला की कुणीतरी विचारतंच, "कुणाकडे जायचंय?"

म्हणून घर बघायला रविवारी दुपारी येऊ नका. मुलगी कामावरून ज्या वेळी परतणार त्या वेळी या, आणि बसस्टॉपपासून इमारतीच्या दारापर्यंत तिच्याबरोबर चाला. दिवे लागतात का, किती दुकानं उघडी आहेत, एकट्या बायका दिसतात का, ते बघा. एजंट काहीही म्हणो, मालकाने पोलिसांकडे भाडेकरूची नोंद केली पाहिजे हा आग्रह धरा. रात्री साडेदहाची शिफ्ट असेल तर आतल्या शांत गल्लीतला स्वस्त फ्लॅट सोडा आणि मुख्य रस्त्यालगत घ्या, भाडं थोडं जास्त पडलं तरी. मला आधी कळवलंत तर गुंजन चौकात मी येऊन थांबेन.