हळू म्हणजे किती हळू?

आज पहाटे रत्नागिरीच्या भाट्याच्या पुळणीवर धावणाऱ्यांची चांगली गर्दी होती. दिवस सोप्या धावेचा, पण निम्म्यांना सलग चार शब्द बोलवत नव्हते.

सोपी धाव म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतील इतकी. सहनशक्तीच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंचा सराव क्रीडाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी तपासला, तेव्हा साधारण ८० टक्के सत्रं अशीच हळू निघाली. म्हणजे आठवड्याला पाच दिवस धावत असाल तर चार सोपे, एक कठीण.

आपल्याकडे खरी गोची दमट हवेची. घाम नुसता निथळतो, सुकत नाही. अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला नाडी वाढते. म्हणून सोप्या दिवशी घड्याळातला पेस (किलोमीटरला लागणारा वेळ) सोडा, श्वास बघा. चढावर चालावं लागलं तर खुशाल चाला, लाज कसली!

वाळूचंही तेच. सुरूच्या झाडांकडची भुसभुशीत वाळू पाय ओढते. वेग कमी दिसतो, पण दमछाक पक्क्या रस्त्याच्या दीडपट. सोपी धाव ओहोटीच्या ओल्या, घट्ट पट्ट्यावरच करा. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, त्या हिशेबाने आठवडा आखा. किनारा समुद्राकडे उतरता असतो, तेव्हा जाऊन त्याच वाटेने परत या, म्हणजे एकाच पायावर भार येत नाही.

कठीण दिवशी १५ मिनिटं हळू धाव, मग घाटीच्या चढावर १ मिनिट जोरात, चालत खाली, असं ८ वेळा. सहाव्या खेपेला कोलमडलात, तर पहिल्या दोन खेपांत फार जोरात धावलात असं समजा.