न पडलेली पाकळी

तळकोकणात देवाला विचारायची रीत तशी साधी. गुरव पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आपण मागून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, विहीर, भावकीतला तंटा, काहीही विचारा. मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथीच नाही. दरवर्षी कौल होतो, मग तारीख फुटते आणि मुंबईतले चाकरमानी रेल्वेच्या तिकिटांवर तुटून पडतात.

पण पाकळी पडलीच नाही तर?

आमच्या घराचा प्रश्न होता. विकायचं की ठेवायचं. बाबा सकाळपासून उपाशी. आजीचा दंडक, पोटात अन्न घेऊन देवापुढे उभं राहायचं नाही. वाऱ्याने पडलेली पाकळी देवाच्या नावावर जायला नको म्हणून गुरवाने पंखा बंद केला. गाऱ्हाणं झालं. आम्ही घामाघूम होऊन त्या दोन पाकळ्यांकडे बघत राहिलो. अर्धा तास गेला, तास गेला. पुन्हा गाऱ्हाणं. माझी नजर एकसारखी उजवीकडे जात होती, म्हणजे मला काय हवंय ते मला तरी कळलं होतं. (देवालाही कळलं असणार.)

‘देव आज बोलाक तयार नाय,’ गुरव म्हणाला.

नकार आला असता तर बाबा चडफडले असते, दोन दिवसांनी विसरले असते. या गप्प बसण्याचं मात्र काय करायचं ते त्यांना कळेना. घरी आजीने पेज वाढली, सोबत फणसाची भाजी. बाबांनी दोनदा पेज मागून घेतली, तरी ताटावरून उठताना चेहरा उपाशीच. रात्री ओटीवर बसून देवळाच्या दिशेने बघत होते. एरवी वर्षातून एकदा नारळ ठेवून हात जोडणारा माणूस! देव बोलत होता तोवर त्यांनी कधी त्याची एवढी वाट पाहिली नव्हती.

पहाटे त्यांच्यामागून मीही गेलो. गुरव गाभारा झाडत होता. रात्री कधीतरी दोन्ही पाकळ्या सुकून खाली पडल्या होत्या.

‘आधी खयची पडली?’ बाबांनी विचारलं.

‘आता ता निर्माल्य,’ म्हणत त्याने केरसुणी फिरवली.

बाबा तरीही वाकून बघत होते.