उरलेलं पिल्लू

जूनमध्ये सांगलीतल्या माझ्या दवाखान्यात गोचीडतापाची कुत्री असतात, तशीच नवी पिल्लंही. मुलांना सुट्टीत दिलेले शब्द शाळा सुरू व्हायच्या सुमाराला पाळले जातात. त्या दिवशी आलेल्या कुटुंबाचं पिल्लू मात्र अजून त्यांचं झालेलं नव्हतं. विकणाऱ्याकडून संध्याकाळपर्यंतच्या बोलीवर ते फक्त तपासायला आणलं होतं. विकत घेण्याआधी डॉक्टरकडे येणारी माणसं इतकी कमी, की मी आधी त्यांना चहाच विचारला.

आई बँकेत, वडील शिक्षक, मुलगा सातवीत, सोबत आजी. आणि टेबलावर फिकट पिवळा लॅब्राडॉर, बसल्याजागी मुतलेला.

"मॅडम, आम्हाला 45 दिवसांचं हवं होतं," आई म्हणाल्या. "त्यांच्याकडची सगळी गेली, हा एकटा राहिला. साडेतीन महिन्यांचा आहे म्हणे. एवढं मोठं पिल्लू जीव लावत नाही, असं सगळे सांगतायत."

हे 45 दिवसांचं गणित आपल्याकडे कुठून रुजलं कोण जाणे. 2017 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं, म्हणजे 56 दिवस न भरलेलं पिल्लू विकताच येत नाही. आई आणि भावंडांत राहून जोरात चावलं की समोरचा खेळ थांबवतो, हे पिल्लू त्याच दिवसांत शिकतं. लवकर उचललेलं पिल्लू तेच मग घरातल्या पोरांच्या पोटऱ्यांवर शिकतं.

मी तोंड उघडून पाहिलं. वरचे-खालचे पटाशीचे दात सगळे पक्के आलेले. खालच्या दुधाच्या सुळ्यांना चिकटून नवे सुळे हिरडीतून वर निघालेले. कुत्र्याला दुधाचे 28 दात असतात. ते पडून 42 पक्के येतात, आणि त्यांचा क्रम बराचसा ठरलेला असतो. साडेतीन महिन्यांत फार तर मधले दोन-चार दात बदललेले असतात. सुळे यायला पाचवा महिना उजाडावा लागतो.

"कार्ड दाखवा."

कार्डावर जन्मतारीख मार्चची. लशीच्या रकान्यात तीन सह्या, एकाच शाईतल्या, एकाच झोकातल्या. स्टिकर एकही नाही. लशीच्या बाटलीवरचं बॅच नंबर असलेलं स्टिकर काढून कार्डावर चिकटवायची पद्धत आहे, आणि ते नसेल तर माझ्या लेखी लस झालेली नाही.

"हा मार्चचा नाही, जानेवारीचा असणार. पाच महिने झालेत," मी म्हणाले. वडिलांचा चेहरा उतरला. "म्हणजे फसवतोय की तो आपल्याला. राहू दे मग, चला." मुलगा काही बोलला नाही. त्याचा हात कुत्र्याच्या कानावर होता.

खोटं विकणाऱ्याचं होतं. कुत्र्याचं वय वाढलं म्हणून कुत्रा नासत नाही. प्रश्न वेगळा होता, की हे पाच महिने त्यानं कुठे काढले? साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं डोकं नव्या गोष्टी सहज स्वीकारतं. माणसं, रिक्षा, कुकरची शिट्टी, छत्री, जे त्या काळात दिसलं ते आपलं. पुढेही शिकता येतं, पण भीती आधी येते आणि ओळख मागून. याचे पंजे मुतानं पिवळे पडलेले, नखं वाढलेली, बोटं फाकलेली. बहुतेक सगळा काळ पिंजऱ्यात गेलेला. पुढच्या पायांची मनगटं किंचित सुजलेली, वजन 11 किलो. या वयाचा लॅब 15 च्या पुढे हवा. दूध-भातावर वाढवलेल्या पिल्लांत असा मुडदूस नेहमी दिसतो.

"मग कॅल्शियमचं टॉनिक देऊ?" आजींनी विचारलं. हा प्रश्न न येता दिवस गेला तर मला चुकल्यासारखं होतं. मोठ्या जातीच्या पिल्लाच्या पोटात ओतलेलं जादा कॅल्शियम ते पुरतं अडवू शकत नाही, आणि त्यानंही हाडं बिघडतात. याला हवं होतं पिल्लांसाठीचं संतुलित खाणं आणि न घसरणारी फरशी.

मग मी त्याला खाली सोडलं आणि मदतनिसाला स्टीलचं भांडं पाडायला सांगितलं. पिल्लू दचकून टेबलाखाली गेलं. आम्ही कोणी हललो नाही, हाका मारल्या नाहीत. मला त्याचं घाबरणं बघायचं नव्हतं, त्यातून ते कधी बाहेर येतं ते बघायचं होतं. जे पिल्लू भिंतीला चिकटून थरथरत राहतं आणि खाऊलाही तोंड लावत नाही, ते नवशिक्या घरात देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. हा मिनिटभरात मान लांब करत आला, भांडं हुंगलं, चाटलं आणि सरळ आजींच्या पायावर जाऊन बसला. तिथेही मुतला.

"लुगडं धुवायचंच होतं," आजी म्हणाल्या.

मी दोन्ही बाजू सांगितल्या. लहान पिल्लू आणलं तर पुढचे दोन-अडीच महिने पार्व्होची, म्हणजे उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या विषाणूची धास्ती. आईकडून मिळालेलं संरक्षण ओसरत असतं आणि तेच लशीलाही निष्प्रभ करतं, म्हणून 16 आठवडे होईपर्यंत डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. घराणी कळत नाहीत, सांधे कळत नाहीत. याचं बरंच काही समोर होतं. हृदय ठीक, दोन्ही वृषण खाली उतरलेले, स्वभाव मवाळ. उलट बाजूला शी-शूची शिस्त शून्य, जिना माहीत नाही, गळपट्टा माहीत नाही. पिंजऱ्यात घाण करायची सवय लागलेलं पिल्लू लहान पिल्लापेक्षा उशिरा शिकतं.

"दिवसा घरी कोण असतं?"

"मीच," आजी म्हणाल्या.

"दर दोन तासांनी त्याला अंगणात न्यायला जमेल?"

"गुडघे धरतात हो. पण अंगणापर्यंत जाते मी."

वडिलांनी तिथूनच फोन लावला. आवाज मास्तरांचाच होता. दातांचं सांगितलं, स्टिकरचं सांगितलं. पलीकडचा आधी चिडला, मग किंमत निम्म्यावर आली. मला त्या सौद्यात पडायचं नव्हतं. मी एवढंच सांगितलं, की वाचलेले पैसे लशीला, एक्सरेला आणि खाण्याला लागतील, स्वस्तात पडलं असं समजू नका.

त्याच संध्याकाळी पहिला डोस दिला, जंताचं औषध दिलं. दुसरा डोस होऊन आठवडा जाईपर्यंत मैदानात, भटक्या कुत्र्यांत न्यायचं नाही. रिक्षा, फेरीवाले, पाऊस हे सगळं फाटकाच्या आतूनच दाखवायचं, आणि प्रत्येक वेळी खिशात खाऊ ठेवायचा.

नव्या कार्डावर जन्मतारीख काय घालू, असं मी विचारलं तेव्हा मुलगा पहिल्यांदा बोलला. "26 जानेवारी. त्या दिवशी शाळेत जिलबी असते."

मी लिहिली, पुढे 'अंदाजे' घातलं आणि खाली लशीचं स्टिकर चिकटवलं.